शिट्टी सर आणि दोन तानकाटे

शिट्टी सर सातवीला विज्ञान शिकवणार, ही बातमी शाळेत फुटली तेव्हा सगळ्यात जास्त कोण हादरलं असेल तर ते खुद्द शिट्टी सर.

त्यांचं खरं नाव शाळेत कोणी घेतच नसे. गळ्यात दोरीला बांधलेली स्टीलची शिट्टी, पायात खेळाचे बूट आणि उन्हाने रापलेलं तोंड, एवढ्यावर माणूस ओळखू यायचा. खेळाचे सर म्हणून लागले तेव्हा केस काळे होते, आता निम्मे पांढरे झाले होते, आणि एवढ्या वर्षांत वर्गात खडू धरायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. पण झालं काय, विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर ठरल्यापेक्षा आधीच गेल्या. बाकीच्या शिक्षकांचे तास गच्च भरलेले. मैदानाची एक बाजू नव्या भिंतीसाठी खणून ठेवलेली, त्यामुळे खेळ बंद, आणि शिट्टी सर दिवसभर सामानाच्या खोलीत बसून चेंडूंत हवा भरत होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, खिडकीतून हे दृश्य पाहिलं आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

मोठ्या बाई स्वतः इतिहासाच्या. बोलणं कमी आणि नजर अशी की उंबऱ्यात उभ्या राहिल्या तर फळ्यावरचं अक्षरसुद्धा सरळ व्हावं. त्यांनी सरांना बोलावून स्पष्टच सांगितलं. बल आणि गतीचे नियम एवढा एकच धडा त्यांच्याकडे. शेवटच्या तासाला बाई स्वतः वर्गात येऊन बसणार. जमलं तर विज्ञानाच्या बाई रजेवरून येईपर्यंत सातवी सरांची. नाही जमलं तर आठवीचे सर दोन्ही वर्ग सभागृहात एकत्र बसवून काय ते लिहून देतील. सर हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार, बाईंना नाही म्हटलेलं त्या शाळेत कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

पण घरी जाता जाता ते वाटेतूनच परत फिरून नाही म्हणायच्या बेतात होते. कारण जुनं होतं. लहानपणी विज्ञानाच्या मास्तरांनी भर वर्गात त्यांना उभं करून म्हटलं होतं, तुझा मेंदू गुडघ्यात आहे, इथे बसून काय करतोस, मैदानावर जाऊन पळ. वर्ग खदखदून हसला. पोरगं गेलं आणि पळालं, आणि इतकं झकास पळालं की पुढे त्यावरच पोट भरलं. तरी ते वाक्य काही पुसलं गेलं नाही. शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाच्या गप्पा निघाल्या की सर आपला चहाचा कप उचलून हळूच खिडकीपाशी जात. आपल्या डोक्यात हे शिरणारं नाही, हे त्यांनी स्वतःच कधीचं मान्य करून टाकलं होतं.

बायको रुग्णालयात नर्स. तिने पुस्तक त्यांच्यासमोर आपटलं आणि म्हणाली की सातवीच्या पोरांना कळतं ते तुम्हाला कळायला काय धाड भरली आहे, वाचा. सरांनी वाचायला घेतलं. पहिलं पान डोक्यावरून गेलं. दुसऱ्या पानावर डुलकी लागली. तिसऱ्या पानावर जडत्व आलं, आणि सर ताडकन उठून बसले.

पळणारी वस्तू पळतच राहू पाहते, थांबलेली थांबूनच राहू पाहते. अहो, हे तर त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं! शर्यत संपली तरी पोरं रेषेच्या पुढे धडपडत जातात, कुंपणावर आदळतात, आणि सर वर्षानुवर्षं ओरडत आले की रेषेपाशी थांबता येत नाही का रे गधड्यांनो. नव्हतंच येत. कोणालाच येणार नव्हतं. सर पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात धावले आणि बायकोला हे सांगू लागले. ती भांडी विसळता विसळता म्हणाली की यात नवीन ते काय, रिकामी खाट एका हाताने ढकलली जाते, पण पेशंटसकट खाट हलवायला जोर लागतो आणि कोपऱ्यावर थांबवायला त्याहून जास्त. सर तिच्याकडे बघतच राहिले. पुढचं पान उघडलं तर तिथे तेच लिहिलेलं. वस्तुमान जास्त तर वेग बदलायला बल जास्त.

तिथून जे वारं अंगात शिरलं ते काही निघेना. सर प्रत्येक प्रयोग आधी घरी करून बघू लागले. पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं, टिचकी मारली की पुठ्ठा उडतो आणि नाणं पेल्यात पडतं. हे झकास जमलं. मग हुरूप वाढला आणि त्यांनी टेबलावरचा कपडा कपबशांखालून सपकन ओढला. कपडा आला. कपबशा निम्म्याच जागेवर राहिल्या. फुटलेल्या निम्म्या बायकोच्या माहेरच्या होत्या, आणि त्या दिवशी घरात काय बोलणं झालं ते इथे सांगण्यात अर्थ नाही.

वर्गात मात्र जत्रा उसळली. सरांनी कार्यालयातली चाकांची खुर्ची पळवून आणली, तिच्यावर एकेकाला बसवून ढकललं आणि मध्येच खुर्ची अडवली. खुर्ची थांबे आणि पोरगं पुढे घसरून सरांच्या पोटावर येई. एकदा फुटबॉल आणि व्यायामाचा भरीव जड चेंडू शेजारी ठेवून दोन्हींना सारखीच लाथ मारायला सांगितलं. जड चेंडूला लाथ मारणारा पाय धरून बसला आणि म्हणाला की सर, दुसरा नियम कळला. तास संपल्याची घंटा झाली की सातवीच्या वर्गातून हळहळ ऐकू यायची. असला आवाज त्या इमारतीने पूर्वी ऐकला नव्हता. सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सकाळी आरशासमोर दाढी करताना ते आपल्याशीच नियम बोलत आणि हसत.

आणि आता हा वर्ग हातचा जाऊ नये, असं त्यांना मनापासून वाटू लागलं. पूर्वी भीती होती ती आपली फजिती होईल याची. आता भीती वेगळीच होती. हे सगळं आत्ता कुठे उघडलं होतं, ते परत मिटलं जाईल याची.

शेवटच्या तासासाठी सरांनी हुकमाचा पत्ता राखून ठेवला होता. रस्सीखेच. आयुष्यभर ज्या खेळाची शिट्टी वाजवली, तो त्यांचा घरचाच. बायकोच्या बहिणीकडून आणि शेजाऱ्यांकडून प्रवासाच्या बॅगा तोलायचे दोन मोठे तानकाटे मागून आणले होते. गोल चेहऱ्याचे, काटा लांबूनही दिसेल असे. दोरीच्या दोन्ही टोकांना एकेक अडकवायचा, एकीकडे जाडजूड गडी, दुसरीकडे किडकिडीत. जिंकणारा जास्त जोराने ओढतो, हे काटे मोठ्या बाईंच्या डोळ्यांसमोर दाखवणार. हा एकच प्रयोग सरांनी घरी करून पाहिला नाही. गरजच काय होती? सूर्य कुठून उगवतो हे कोणी घरी तपासून बघतं का?

ठरल्या दिवशी मोठ्या बाई आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या.  सरांनी बाक भिंतीला लावून मधली फरशी मोकळी केली होती. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, जो जिंकतो तो जास्त जोराने ओढतो. मग दोघांना पुढे बोलावलं. एक होता डोंगर. सातवीतच नववीच्या मापाचा, शांत, शाळेच्या रस्सीखेचीच्या संघात सगळ्यात मागे दोरी कमरेला गुंडाळून उभा राहणारा. दुसरी होती शंका. काडीसारखी पोरगी, दप्तर तिच्याहून जड. खरं नाव छान होतं, पण प्रत्येक गोष्टीवर का म्हणून विचारायची, तेव्हा वर्गाने हेच ठेवलं.

सरांनी काट्यांपाशी एकेक मुलगा उभा केला, शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली. क्षणाचाही खेळ झाला नाही. डोंगरने दोन पावलं मागे टाकली आणि शंका फरफटत त्याच्याजवळ आली. सर विजयी मुद्रेने काटे बघणाऱ्यांकडे वळले.

दोघांनी एकच आकडा सांगितला.

सर हसले. नीट बघत जा म्हणाले. परत शिट्टी, परत डोंगर जिंकला, परत तोच प्रकार. आकडा आधीच्यापेक्षा थोडा वेगळा, पण दोन्हीकडे सारखाच. सरांनी काट्यांची अदलाबदल केली. सारखेच. स्वतः डोळे लावून बसले. डोंगरने जोर वाढवला की दोन्ही काटे जोडीने वर चढत, त्याने सोडला की जोडीने उतरत, जसे काही आधी ठरवून आले होते.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं.  मागच्या बाकाकडे बघायची हिंमत होईना. तेवढ्यात शंकाने, हातातली दोरी न सोडता, जे बोलायचं ते बोलूनच टाकलं.

"सर, परवा तुम्हीच सांगितलंत ना, आपण भिंतीला जेवढं ढकलतो तेवढंच भिंत आपल्याला ढकलते. मग दोरीचंही तसंच असेल की."

तिसरा नियम! सरांना तो तोंडपाठ होता. होडीतून किनाऱ्यावर उडी मारली की होडी मागे जाते, फुग्यातली हवा सोडली की फुगा उलटा पळतो, सगळं त्यांनी शिकवलं होतं. पण तो नियम होडीचा, फुग्याचा, भिंतीचा. तो आपल्या रस्सीखेचीलाही लागू असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मैदानावर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कोण सांगणार की जिंकणारा आणि हरणारा सारखंच ओढतात?

आता खरं सांगायचं तर सुटायला वाट होती. काटे उसने आणलेले, बिघडले असतील, असं म्हणायचं, दोरी गुंडाळायची, आणि उरलेला वेळ फुग्यावर काढायचा. मोठ्या बाई इतिहासाच्या, त्यांना काय कळणार? पोरांनीही मान डोलावली असती. शब्द अगदी जिभेवर आले होते. सरांनी तोंडही उघडलं. पण समोर शंका उभी होती, दोरी धरून, भुवया वर करून, आणि तिच्या मागे अख्खी सातवी तशाच भुवया करून. अशी पोरं त्यांनी स्वतःच तर तयार केली होती. त्यांना विचारायची सवय लावली आणि आता आपणच थाप मारायची? सरांना ते जमेना. 

"मी चुकलो," सर म्हणाले. "काटे बरोबर आहेत. दोघंही सारखंच ओढताहेत."

 डोंगरने शांतपणे विचारलं की मग मी जिंकतो कसा. सर म्हणाले की मला माहीत नाही. असं वाक्य शिक्षकाच्या तोंडून निघतं हे पोरांना नवीनच होतं, पण गंमत बघा, कोणी हसलं नाही. उलट सगळी बाकांवरून उतरून पुढे आली. एकजण म्हणाला डोंगर जड आहे म्हणून. दुसरी म्हणाली पण जड असून काटा तर सारखाच. एकाने तर दोरीलाच दोष दिला. सर म्हणाले की बोलून काय होणार, परत ओढा, आणि या वेळी सगळ्यांनी हवं तिथे बघा.

शिट्टी वाजली. शंका घसरू लागली तसे सर सवयीने, आयुष्यभर मैदानावर ओरडत आले तेच ओरडले.

"पाय रोव, पोरी, पाय रो..."

आणि अर्ध्यातच थांबले. तोंड उघडं ते उघडंच. शिट्टी गळ्यात लोंबत होती. सर शंकाच्या पायांकडे बघत होते, मग डोंगरच्या, मग परत शंकाच्या.

किती संघांना त्यांनी हे ओरडून सांगितलं असेल! जोराने ओढा असं ते क्वचितच म्हणत. पाय रोवा, टाचा रुतवा, खाली वाका, हेच. का, ते त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं आणि दुसऱ्या कोणी त्यांना विचारलं नव्हतं. जिंकायचं कसं ते पाठ होतं, फक्त ते दोरीत नव्हतंच. ते जमिनीत होतं.

सर खाली फरशीवर बसले आणि हाताने फरशी थोपटत बोलू लागले, इतक्या भराभर की शब्द एकमेकांवर आदळत होते. दोरी दोघांना सारखंच ओढते. पण जमीन दोघांना सारखं धरून ठेवत नाही. डोंगर पायाने फरशीला पुढे रेटतो, फरशी त्याला मागे रेटते. तो जड, म्हणून त्याचा पाय फरशीवर घट्ट दाबला जातो, घर्षण जास्त मिळतं. शंका हलकी, तिला तेवढं मिळत नाही. म्हणजे लढाई डोंगरची शंकाशी नाहीच, दोघांचीही फरशीशी आहे. मग ते उठले आणि डोंगरला म्हणाले की बूट काढ.

डोंगरने बूट काढले. पायात मोजे, खाली गुळगुळीत फरशी. शंकाच्या पायात नवे रबरी तळाचे बूट. काटे बघणारे जागेवर गेले. सरांनी वर्गाला विचारलं की आता कोण, आणि सगळे दोघांच्या पायांकडे बघू लागले.

शिट्टी वाजली. शंका मागे वाकली, टाचा रोवल्या आणि ओढलं. आणि डोंगर, शाळेच्या संघाचा कणा, शांतपणे, उभ्याच्या उभा, कपाट सरकावं तसा सरकत तिच्याकडे येऊ लागला. तो बिचारा जीव खाऊन ओढत होता. काटे सारखेच वर चढत होते. फक्त त्याचे मोजे ऐकत नव्हते. तो तिच्यापर्यंत पोचला तेव्हा वर्गात जो गदारोळ उठला, त्याने शेजारच्या वर्गातले शिक्षक दारात येऊन उभे राहिले. शंकाला आपण जिंकलो हे खरं वाटेना, ती काट्याकडे बघून विचारत होती की किती, किती, आणि दोन्ही काटेवाले एकाच सुरात एकच आकडा ओरडत होते. सगळ्यात जास्त हसत होता डोंगर.

मग रांगच लागली. एक मोजे, एक बूट. एक अनवाणी, एक चपला. जो तो आधी आकडा सारखाच येणार म्हणून पैज मारी आणि मग पाय बघून कोण जिंकणार ते सांगे, आणि तेच होई. सर इकडून तिकडे नाचत होते. मागच्या बाकावर कोण बसलं आहे हे ते साफ विसरले होते.

आठवलं ते मोठ्या बाई उठून पुढे आल्या तेव्हा. गलका एकदम विझला. बाईंनी फळ्यावरचं वाक्य वाचलं, सरांकडे बघितलं, दोरीचं एक टोक शंकाच्या हातात दिलं आणि दुसऱ्या टोकाचा तानकाटा स्वतः धरला. साडीचा पदर खोचला. बाईंचा बांधा चांगला भक्कम, पण पायातल्या चपलांचे तळ वापरून वापरून आरशासारखे झालेले. शंका एकदा बाईंकडे, एकदा सरांकडे बघू लागली. त्यांनी शिट्टी वाजवली.

बाई गेल्या हो, सरळ घसरत गेल्या. मधल्या फरशीवरून शंकापर्यंत, चेहऱ्यावर तीच इतिहासाची गंभीर मुद्रा ठेवून. शंकाने घाबरून दोरी सोडली, तेव्हा बाईंनी डोंगरच्या खांद्याला धरून तोल सावरला. पोरांना हसावं की पळावं कळेना. मग बाईच हसल्या. त्यांना हसताना सातवीने पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यानंतर मात्र कोणाला आवरलं नाही.

घंटा झाली. पोरं बाहेर पडली ती एकमेकांचे बूट तपासत. सर फळा पुसायला वळले तेव्हा बाईंनी राहू द्या म्हणून हाताने थांबवलं. त्यांना अजून थोडी धाप लागली होती.

"काटे बिघडलेत म्हणाला असतात तर मला काय कळणार होतं?"

"काही नाही," सर म्हणाले.

"मग का नाही म्हणालात?"

सरांनी दोरी गुंडाळता गुंडाळता विचार केला. काहीतरी मोठं बोलावं असं वाटत होतं, पण खरं उत्तर साधंच होतं.

"शंकाने परत विचारलं असतं."

बाईंनी मान हलवली. सातवी तुमच्याकडेच राहील, म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन परत वळल्या आणि म्हणाल्या की आठवीलाही एकदा हे करून दाखवा. फळ्यावर आधी तेच चुकीचं लिहा, आणि त्यांच्याकडूनच खोडून घ्या.

संध्याकाळी बायको ड्यूटीवरून आली तर सर दारातच उभे, हातात दोरी आणि तानकाटे. वर्ग राहिला का, तिने विचारलं. राहिला, म्हणाले. मग पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं, अगदी शिट्टीपासून बाईंच्या चपलांपर्यंत, हातवारे करून, दोनदा. ती स्वतःचे दमलेले पाय चेपत ऐकत होती. शेवटी म्हणाली की तुमच्या त्या मास्तरांचं खरंच होतं म्हणायचं, मेंदू गुडघ्यातच.

"त्याच्याही खाली," सर म्हणाले, आणि दोघंही हसत सुटले.

हसू ओसरलं तसे सर दोरी उलगडू लागले. जा, मैदानावर पळ, असं हाकललं गेलेलं ते पोरगं त्यांना आठवलं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की विज्ञान तिथेही आहे, पायाखाली. डोळे पुसून त्यांनी दोरीचं एक टोक बायकोच्या हातात दिलं आणि स्वतःचे बूट काढून ठेवले.

"चपला घालूनच ओढ," ते म्हणाले. "मला हरवून बघ."